डाव्या पायाची विद्या

टीकालेख म्हटला म्हणजे तो एखाद्या पुस्तकावर किंवा नाटकावर असावा, असा आपल्याकडे संकेत आहे. मी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि त्यांवर झालेली टीका निमूटपणे वाचली आहे. तेव्हा या संकेताबद्दल माझी तक्रार नाही. परंतु यंदा मी लिहिणार आहे ते एका यंत्राविषयी. मोठ्या मालट्रकांत आता आपोआप बदलणारा गिअर आला आहे. त्याने गाडी हाकण्याच्या कलेचे काय केले, हा माझा विषय. ‘कला’ हा शब्द मी जाणून वापरला आहे. माझे थोरले बंधू तीस वर्षे ट्रक चालवीत होते, आणि शाळेला सुटी लागली की मी त्यांच्या शेजारी बसून कसारा आणि बोर हे दोन्ही घाट कितीदा तरी पालथे घातले आहेत. कला कशाला म्हणतात हे मला पुस्तकांच्या आधी तेथे समजले.

चढ लागला की गाडीचा आवाज जाड होऊ लागे. तो पुरता बसण्यापूर्वीच दादा क्लच दाबीत, दांडा मधल्या मोकळ्या जागी आणीत, क्लच सोडीत, किंचित रेस देत, पुन्हा क्लच दाबीत आणि खालचा गिअर टाकीत. यालाच ड्रायव्हर मंडळी ‘डबल क्लच’ म्हणतात. यामागचे गणित सोपे आहे. खालच्या गिअरमध्ये जायचे तर इंजिनाने अधिक वेगाने फिरले पाहिजे. दोन्ही चाकांचे दाते एका वेगाने फिरू लागल्याखेरीज ते एकमेकांत बसत नाहीत. रेस कमी पडली तर करकर, जास्त झाली तर धक्का. ती किती द्यायची हे दादा कानाने ठरवीत. भर चढावर गिअर हुकला तर भरलेली गाडी मागे सरू लागे, आणि क्लीनर उटी लावण्यासाठी खाली उडी टाकी. ही भीती पाठीशी होती म्हणूनच त्या हालचालीला डौल होता. पुढे दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी गिअरपेटी आली आणि डबल क्लचची गरज कमी झाली. पण डाव्या पायाखालचा तो जड क्लच काही सुटला नाही. आज दादांचा डावा गुडघा जिना चढू देत नाही. कलेची किंमत सांगताना हा हिशेब वगळून चालणार नाही.

आता या नव्या यंत्राकडे वळू. आपोआप गिअर बदलण्याचे दोन पंथ आहेत. एक तेलाचा. फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1905 साली जहाजांसाठी ही युक्ती काढली. इंजिन तेल घुसळते आणि ते तेल पुढचे चाक फिरवते. शहरातल्या बसेस आणि आगीचे बंब यांना ही पद्धत फार मानवली, कारण गाडी लोण्यासारखी सुटते. परंतु घुसळण्यात काही शक्ती उष्णता होऊन वाया जाते, आणि लांब पल्ल्याच्या मालकाला डिझेलचा थेंबही मोजावा लागतो.

दुसरा पंथ अधिक मनोरंजक आहे. त्यात जुनी दातेरी पेटी तशीच राहते, क्लचही राहतो. फक्त माणसाचा हात आणि पाय जाऊन त्यांच्या जागी दाबलेली हवा आणि संगणक येतात. स्वीडनच्या स्कॅनिया कंपनीने 1984 साली पहिले पाऊल टाकले तेव्हा संगणक नुसता गिअर सुचवीत असे आणि ड्रायव्हर क्लच दाबून संमती देई. 2001 साली व्होल्व्होने ‘आय-शिफ्ट’ आणला, त्यात क्लचचे पेडलच नाहीसे झाले. पेटीत मुळात तीन गिअर. प्रत्येकाचे दोन भाग, आणि त्या सर्वांचे जड व हलके असे दोन वर्ग. तीन दुणे सहा आणि सहा दुणे बारा. युरोपात लांब पल्ल्याच्या नव्या ट्रकांत हाताने बदलायचा गिअर आता विरळाच आढळतो.

माझा पुतण्या विदर्भात कोळशाच्या खाणीवर असाच टिपर चालवतो. गेल्या उन्हाळ्यात दादा आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. खाणीबाहेरच्या रस्त्याने त्याने आम्हांला रिकाम्या गाडीतून फिरवून आणले. गाडी सुटली आणि मी कान टवकारले. इंजिनाचा आवाज चढे, क्षणभर विसावे, आणि खालच्या सुरात पुन्हा सुरू होई. करकर नाही, धक्का नाही. गाडी रिकामी असल्याचे ओळखून यंत्र मधले गिअर वगळून पुढे जात होते. वेग जुळवण्याचे जे काम दादा कानाने करीत, तेच हे यंत्र मोजमापाने करते, आणि प्रत्येक वेळी सारखेच करते. म्हणजे जुनी कला त्याने मोडीत काढली नाही. तिची हुबेहूब नक्कल केली. उत्तम नकलेला जो मान द्यायचा तो मी तिला देतो.

तरीही टीकाकाराने दोष सांगितले पाहिजेत. पहिला दोष असा की गिअर बदलताना ओढ क्षणभर तुटते. सपाटीवर ते जाणवत नाही. चिखलात किंवा खड्या चढावर त्या एका क्षणात गाडीची गती मरते. यावर उपाय म्हणून 2014 साली व्होल्व्होने दोन क्लचांची पेटी आणली. एक गिअर ओढत असतानाच पुढचा तयार राहतो. दुसरा दोष सूक्ष्म आहे. क्लच धरू लागला की त्याची थरथर तळपायाला कळते, आणि त्या थरथरीवर ड्रायव्हर गाडी बोटभर पुढेमागे घेऊ शकतो. पेडल गेले आणि ही खबर बंद झाली. धक्क्याला गाडी लावताना नवे ड्रायव्हर बिचकतात ते यामुळे. 2016 पासून अतिमंद गिअर मिळू लागले आहेत. त्यांच्या जोरावर अवजड गाडी ताशी अर्धा ते दोन किलोमीटर वेगाने सरकवता येते. ही दुरुस्ती चांगली आहे. परंतु पायाला येणारी खबर तिने परत आलेली नाही.

तिसरा दोष मला सर्वांत मोठा वाटत असे. यंत्राला चाकाखालचा चढ कळे, समोरचा दिसत नसे. चढाच्या तोंडाशीच ते वरचा गिअर टाकी आणि लगेच पस्तावून खाली येई. परंतु 2011-12 च्या सुमारास स्कॅनिया, मर्सिडीज या कंपन्यांनी उपग्रह आणि नकाशा यांची जोड दिली. आता टेकडी येण्याआधी गाडी तयारी करते, आणि माथा जवळ आला की रेस कमी करते. दादाही हेच करीत. फरक एवढाच की त्यांचा नकाशा डोक्यात होता.

येथे एक गंमत आहे. सौम्य उतारावर ही नवी गाडी स्वतःहून न्यूट्रल होते आणि डिझेल वाचवते. आमच्याकडे याच गोष्टीसाठी ड्रायव्हरला दंड होतो! पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांनी घात केला आहे. मग यंत्राने केले ते शहाणपण आणि माणसाने केले तो गुन्हा, असे का? कारण यंत्र इंजिन बंद करीत नाही, खड्या उतारावर हे धाडस करीत नाही, आणि वेग ठरल्यापेक्षा वाढताच गिअर पुन्हा टाकते. इंजिनच बंद केले की ब्रेकला लागणारी हवा भरली जात नाही आणि स्टिअरिंग जड होते. कृती एकच, पण मर्यादेचे भान एकाला आहे, दुसऱ्याला नाही.

आता निर्णय. वर्गात मुलांना पाढे यावेत की यंत्रावर गुणाकार करावा, हा वाद मी रोज ऐकतो. माझे मत असे की यंत्र जरूर वापरावे, पण उत्तर चुकले तर ते चुकल्याचे कळावे एवढे पाढे यायलाच हवेत. गिअरचेही तसेच आहे. अमेरिकेत ज्याने आपोआप गिअरच्या गाडीवर परीक्षा दिली त्याच्या मोठ्या गाडीच्या परवान्यावर तशी मर्यादा लिहिली जाते. त्याला हातगिअरचा ट्रक चालवता येत नाही. हा नियम कौशल्याची नोंद ठेवतो, म्हणून मला तो प्रामाणिक वाटतो. पायाचे कष्ट गेले याचे मला दुःख नाही. ज्यांची शरीरयष्टी लहान, ज्यांचे गुडघे दुखरे, अशा कितीजणांना, आणि बायकांनाही, हा धंदा आता खुला होईल. परंतु उतार लागण्यापूर्वी माथ्यावरच खालचा गिअर घ्यावा, इंजिनाच्या ब्रेकवर उतरावे, चाकांचे ब्रेक तापवू नयेत, हा घाटाचा पाढा मात्र कोणत्याही पेटीत भरून विकत मिळत नाही. तो शिकवावाच लागेल.

त्या दिवशी माझे लक्ष दादांच्या पायाकडे होते. प्रत्येक गिअरला त्यांचा डावा पाय केबिनच्या रिकाम्या फळीवर दाबला जात होता. त्यांचे त्यांनाही ते कळत नव्हते. उताराचा माथा दिसताच ते म्हणाले, “आता वरच एक पाड.”

पुतण्याने तोवर दांड्यावरचे बटण दाबून गिअर खाली घेतलाही होता. “पाडला बाबा,” तो म्हणाला. “तुम्हीच नाही का शिकवलं?”

दादा काही बोलले नाहीत. गाडी आपल्याच इंजिनावर रेलून सावकाश उतरू लागली, आणि त्यांचा पाय फळीवरून उचलला गेला.