जुना वाद्यवृंद आणि नवा गिटारवादक

मुंबईचा ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा हेवी मेटल वाद्यवृंद २००० साली निघाला. साहिल मखिजा हे त्याचे संस्थापक, गायक व गिटारवादक. ‘द रिटर्न टू डार्कनेस’मध्ये (२०१०) त्यांच्या जोडीला डॅनियल रेगो होते; ‘द डेमन किंग’मध्ये (२०१४) निशिथ हेगडे आले. अशा वेळी ‘पहिल्याची सर दुसऱ्यास आहे काय?’ असे विचारले जाते. आमच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे.

मर्ढेकरांनी सौंदर्याची घडण संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी उलगडली. या संगीतात दोन गिटारी एकच स्वराकृती, म्हणजे ‘रिफ’, एकाच आघाताने वाजवितात; हात किंचित मागे पडला तरी घडण विसविशीत होते. हा संवाद. एकल वादनात मात्र नवागताचा स्वतःचा आवाज उमटावयास हवा, हा विरोध. समतोल साऱ्या वृंदाने साधावयाचा. ‘आयर्न मेडन’मध्ये १९९० साली एड्रियन स्मिथ यांच्या जागी जॅनिक गर्स आले. १९९९ मध्ये स्मिथ परतले, गर्सही राहिले आणि गिटारी दोनाच्या तीन झाल्या. तेथे घडणच बदलली. मुंबईच्या वृंदात जोडीतील एक हात संस्थापकाचाच. त्यामुळे संवाद स्थिर राहतो, पण नवागत निव्वळ अनुयायी ठरण्याचा धोकाही संभवतो.

हेगडे यांचा सहभाग असलेला ‘दशावतार’ (२०१७) ऐकताना वेरूळचे पंधरावे, दशावतार लेणे आठवते. बौद्ध विहाराच्या आराखड्यातच पुढच्या हातांनी शैव-वैष्णव शिल्पे कोरली, असे अभ्यासक मानतात. जुन्या आराखड्यात राहून त्याला नवा अर्थ देणे, हीच नव्या हाताची कसोटी होय.