विरक्तांच्या घरचे लग्नगाणे

तुळशीचे लग्न लागले की आमच्या वेरूळच्या शाळेत मुलांची गैरहजेरी वाढते. प्रत्येकाच्या घरी कुणाचे तरी लग्न. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांचाही लग्नांचा जुना हंगाम हाच, सुगीनंतरचा. घोडागाडीतून फिरणाऱ्या, साध्या वस्त्रांच्या या ख्रिस्ती पंथावर इंग्रजीत सौम्य प्रेमकथांचे उदंड पीक आले आहे. नाताळात घडणाऱ्या तर कितीतरी. १९९७ सालच्या बेव्हर्ली लुईस यांच्या ‘द शनिंग’ने ही आवड फार वाढवली. अशा एक-दोन कथा मी वाचल्या. गोड आहेत, पण लिहिणारे बहुतेक पंथाबाहेरचे. खिडकीतून पाहिलेले घर.

आपल्याकडे मात्र अशी कथा घराच्या आतून गायिली गेली आहे. ती म्हणजे महदंबेचे ‘धवळे’.

महानुभाव पंथ संन्यासाचा, भिक्षेचा, अहिंसेचा. चक्रधरस्वामींचा मुक्काम आमच्या वेरुळासही झाला होता. अशा लोकांनी प्रेमकथेचे काय करावे? आमच्या डोंगराला हा प्रश्न पडलेला दिसत नाही. बौद्ध-जैन विरक्तांच्या लेण्यांमध्येच, एकविसाव्या लेण्यात, शिवपार्वतीचे लग्न कोरलेले आहे. पंथाला मात्र पडला. भास्करभट्ट बोरीकरांच्या ‘शिशुपालवधा’तील शृंगार संन्याशांना मानवणारा नाही अशी कुरकूर पंथातूनच झाली, आणि त्यांनी पुढे ‘उद्धवगीता’ लिहिली.

मग महदंबेचे कसे चालले? मला वाटते, तिने शृंगार मागे ठेवला आणि जिव्हाळा पुढे आणला. रुक्मिणी, भावाने ठरवलेला शिशुपाल, ब्राह्मणाहाती कृष्णाला निरोप, ही कथा भागवतातली, सर्वांच्या ओळखीची. उत्कंठा अशी फारशी नाही, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला ते उणे वाटते. नरेंद्राच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील विरहवर्णनाचा डौलही येथे शोधू नये. पण रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर आणि हे धवळे जेथे गायिले गेले ते रिद्धपूर, दोन्ही आजच्या अमरावती जिल्ह्यातली. महदंबा राजकन्येचे लग्न गाते ते शेजारच्या लेकीचे गावे तसे.

आणि गाणारी विधवा आहे.

माझ्या आजोबांच्या एक बहीण आमच्या घरी असत. आम्ही त्यांना आत्याआजी म्हणत असू. अकराव्या वर्षी कपाळ पांढरे झालेले. घरच्या एकाही लग्नात त्या मांडवात आल्या नाहीत. घाण्याच्या आणि हळदीच्या ओव्या मात्र साऱ्या त्यांनाच येत. बायका माजघराच्या दाराशी येऊन पुढची ओळ विचारून जात.

बरीच वर्षे मी ‘धवळे’ याच माजघरातून ऐकत असे. यंदा पुन्हा वाचताना चूक ध्यानात आली. रिद्धपुरास गोविंदप्रभूंना स्वतःच्या लग्नाची लीला करण्याची हौस आली, आणि वराचे धवळे गाण्याची आज्ञा त्यांनी केली ती महदंबेला. सुवासिनींना नव्हे. तिला आत बसून ओळी पुरवायच्या नव्हत्या; समोर बसून गायचे होते. त्या गाण्यांतला मोकळा, निःशंक आनंद मला आता कुठे ऐकू येतो. आमिश कथांत तो मला कुठे भेटला नाही.

आत्याआजींना हे वाचून दाखवायचे राहिले. त्या गेल्या तेव्हा मी शाळकरी पोर होतो, आणि महदंबेचे नावही मला ठाऊक नव्हते.