प्रधान कोण, गौण कोण?

मराठी व्याकरणाच्या इतिहासात सुरतेला एक लहानसे स्थान आहे. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे या शहरातील इंग्रजी शाळेत अध्यापक होते. १८४४ साली दुर्गाराम मेहता यांच्यासमवेत त्यांनी येथेच मानवधर्म सभा स्थापन केली. व्याकरण आणि विवेक ही दोन्ही एकाच व्यक्तीची आस्थास्थाने होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

कारण आपल्या शालेय व्याकरणात या दोहोंची फारकत झालेली दिसते. वाक्यसंश्लेषणाच्या पाठात दोन केवलवाक्ये देऊन ‘मिश्र वाक्य करा’ असे सांगितले जाते. गौणत्वसूचक उभयान्वयी अव्ययांचे स्वरूप, उद्देश, कारण व संकेत असे चार प्रकार पाठ करवून घेतले जातात. मात्र कोणते वाक्य प्रधान करावे आणि का, हा प्रश्न विचारला जात नाही.

सुरतकरांच्या स्मरणातील उदाहरण घेऊ. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडण्यात आले. तापीला महापूर आला. शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. आता ही विधाने जोडून पाहावीत. ‘शहर बुडाले, कारण धरणातून पाणी सोडले’ या मिश्र वाक्यात कार्यकारणाचा स्पष्ट आरोप आहे. ‘जरी धरणातून पाणी सोडले, तरी पूर अतिवृष्टीने आला’ या वाक्यात तीच घटना गौण होऊन मागे सरते. ‘पाणी सोडल्यावर शहर बुडाले’ असे केवलवाक्य केले, तर केवळ कालक्रम उरतो आणि पाणी सोडणारा कर्ता नाहीसा होतो. मूळ घटना त्याच. निवाडा मात्र तीन प्रकारचा. त्यांपैकी कोणता न्याय्य, हे व्याकरण ठरवीत नाही. परंतु निवाडा झाला आहे, हे ते दाखवू शकते.

शासकीय लेखनाचा ज्यांना दीर्घ सहवास घडला आहे, त्यांना या शक्तीची ओळख असते. अधिसूचनेतील ‘ज्याअर्थी… त्याअर्थी’ ही रचना अवघड वाटली, तरी प्रामाणिक आहे. ती आधार आणि निर्णय वेगळे ठेवते. याउलट ‘प्राप्त परिस्थिती विचारात घेऊन कार्यवाही करण्यात येत आहे’ या वाक्यात विचार कोणी केला व कार्यवाही कोण करणार, हे दोन्ही गुप्त राहते. मराठीची कृदन्ते भाषेला सुटसुटीतपणा देतात, हे खरे. पण त्यांच्या आडोशाला उत्तरदायित्वही सहज लपते.

लिंबायत-उधना भागातील मराठी मुलांच्या घरी अहिराणी, गल्लीत गुजराती आणि वर्गात प्रमाण मराठी असते. ‘जर-तर’ची जोडी त्यांना गुजरातीतील ‘जो-तो’मुळे परिचितच आहे. त्यांना अव्ययांची यादी देण्यापेक्षा एकच घटना तीन रीतींनी जोडायला सांगावी आणि प्रत्येक वाक्यात दोष कोणाकडे जातो, हे विचारावे. मिश्र वाक्याचा पाठ तेव्हा गुणांपुरता उरणार नाही.