नांदेडचा जीर्णोद्धार व गळालेलें प्रकरण

गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त इ. स. 2008 पर्यंत नांदेडच्या जुन्या शहराचा जो जीर्णोद्धार झाला, त्याचें परीक्षण इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीनें येथें योजिलें आहे. 2005 च्या राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेंत मुंबई, पुणें, नागपूर, नाशिक यांच्या पंक्तीस नांदेड बसलें. रस्ते रुंदावले, घाट बांधले गेले, गुरुद्वाऱ्याचा परिसर मोकळा झाला. कार्य मोठें, यांत वाद नाहीं. परंतु मधलीं पत्रें गाळून तयार केलेल्या पोथीस आपण शुद्ध प्रत म्हणत नाहीं.

वाकाटक विंध्यशक्ति दुसरा याच्या वाशीम ताम्रपटांतील ‘नान्दीकड’ म्हणजे नांदेड, हें बहुतेकांस मान्य आहे. शेष घराण्याचें पांडित्य, 1708 चें गुरु गोविंदसिंगांचें महानिर्वाण, महाराजा रणजितसिंगांनीं 1832 ते 1837 मध्यें बांधविलेलें सचखंड, हें सर्व नगरवर्णनांत येतें. गळतें तें विसावें शतक. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली. गावरानी कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. पुढें निजाम मीर उस्मान अलीखान यांच्या नांवाची उस्मानशाही गिरणी उभी राहिली. 1974 च्या कायद्यानें ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, ‘नांदेड टेक्स्टाईल मिल’ झाली, आणि कालांतरानें बंद पडली. जीर्णोद्धारानें यात्रेकरूंची सोय केली. गिरणीबरोबर जो पगार गेला, त्याच्या जागीं काय आलें, याचा विचार त्यांत दिसत नाहीं. लातूरची गंजगोलाई पाहावी : सोळा रस्ते जेथें मिळतात तेथें बाजार अद्याप भरतो, म्हणून ती वास्तु कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. बंद गिरणीस मात्र कागदांवांचून वाचा नाहीं.

आणि येथें दोष केवळ नगररचनाकारांचा नव्हे. पेशवेकालीन एका रुमालासाठीं दहा गांवें हिंडणारे आपण संग्राहक हजेरीपत्रकें, कापूसखरेदीच्या नोंदी, जुन्या मोंढ्यांतील अडत्यांच्या रोजकीर्दी यांस रद्दी समजतों. संस्थानी कारभार 1948 पर्यंत उर्दूंत चाले. व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या मोडींत सांपडण्याचा संभव. या दोन्ही लिप्या सफाईनें वाचणारे आतां थोडे, व जे आहेत ते बहुधा प्रस्तुत लेखकाच्याच वयाचे. ज्यांच्या माळ्यावर असें एखादें बाड असेल त्यांनीं तें तोलावर घालण्यापूर्वीं निदान पहिल्या व शेवटच्या पानाची नक्कल उतरून ठेवावी. मिति व मालकाचें नांव बहुधा तेथेंच असतें.