‘क्लोन वॉर्स’च्या पूरक कादंबऱ्या : कालनिश्चितीचा प्रश्न

पडद्यावरील मालिकेस जोडून लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांची कालनिश्चिती हा केवळ तक्ता मांडण्याचा विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ‘स्टार वॉर्स’च्या कथाविश्वातील क्लोन युद्धाचा कालखंड या समजुतीच्या मर्यादा दाखवून देतो. हे युद्ध ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ (२००२) या चित्रपटाच्या अखेरीस सुरू होते व ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (२००५) मध्ये संपते. कथेतील त्याचा अवधी अवघा तीन वर्षांचा आहे.

डेव्हिड शेर्मन व डॅन क्रॅग यांच्या ‘जेडाय ट्रायल’ (२००४) या कादंबरीत युद्ध बरेच पुढे गेलेले असून अनाकिन स्कायवॉकर अद्याप शिष्यच आहे. पूर्ण जेडायची पदवी त्यास अखेरीस मिळते. २००८ मध्ये आलेल्या ‘द क्लोन वॉर्स’ या चित्रपटात व त्यापुढील अ‍ॅनिमेशन मालिकेत मात्र युद्धाच्या आरंभकाळीच तो पदवीप्राप्त असून अहसोका तानो ही त्याची शिष्या होते. दोन्ही पाठ एकत्र ठेवावयाचे तर कादंबरी युद्धाच्या प्रारंभी ढकलावी लागते. पण तसे करताच तिचा अर्थ पालटतो. दीर्घ युद्धाने लांबवलेल्या उमेदवारीचे फळ म्हणून आलेली पदवी मग एखाद्या प्रारंभीच्या पराक्रमाचे बक्षीस ठरते. तक्ता जुळतो, कादंबरी बिघडते.

२५ एप्रिल २०१४ रोजी लुकासफिल्मने अशा जुन्या पूरक साहित्यास ‘लेजेंड्स’ या स्वतंत्र वर्गात घातले. यामुळे विसंगतीचा व्यावहारिक निकाल लागला; वाङ्मयीन प्रश्न मात्र शिल्लक राहिला. कोणता पाठ प्रमाण, हे स्वामित्वाच्या अधिकाराने ठरू शकते. त्याचा अर्थ त्या अधिकाराने ठरत नाही.

प्रमाण मानलेल्या पाठाचीही स्थिती याहून निर्धास्त नाही. क्रिस्टी गोल्डन यांची ‘डार्क डिसायपल’ (२०१५) ही कादंबरी याच मालिकेच्या अप्रकाशित राहिलेल्या आठ भागांच्या संहितांवर आधारलेली आहे. तिचे युद्धकाळातील स्थान त्यामुळे निर्विवाद आहे. असाज व्हेंट्रेसचे आत्मबलिदान हा तिचा कळस होय. तथापि ‘द बॅड बॅच’च्या तिसऱ्या पर्वात (२०२४) युद्धोत्तर काळात व्हेंट्रेस जिवंत दिसते. कादंबरीची जागा ढळलेली नाही, परंतु तिच्या शेवटाचे अंतिमत्व गेले आहे.

तात्पर्य, अशा प्रत्येक कृतीस कथाकाल व रचनाकाल असे दोन काळ असतात. कथाकाल पुढील रचनांच्या अधीन राहतो. रचनाकाल तसा राहत नाही. २००४ मधील लेखकांपुढे अहसोका नव्हती, हे वास्तव कोणत्याही नव्या तक्त्याने पुसता येणार नाही. कृतीचे स्थान कथाकालावरून सांगावे, मूल्य मात्र रचनाकाल ध्यानी घेऊनच ठरवावे, हाच विवेक अभ्यासकास उपयोगी पडेल.