हॉर्निमन सर्कल : नामनिर्णय व कालनिर्णय

मुंबईच्या कोट विभागांतील हॉर्निमन सर्कल या वर्तुळाकार चौकाचें मूळ नांव एल्फिन्स्टन सर्कल. हें नांव ऐकतांच आपल्या अभ्यासकांस माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आठवतो. पेशवाईच्या अखेरीस पुण्यास रेसिडेंट व पुढें १८१९ ते १८२७ पर्यंत मुंबईस गव्हर्नर असलेला हा पुरुष मराठ्यांच्या इतिहासांत पदोपदीं भेटतो. शिवाय चौकासमोरील टाउन हॉलांत त्याचा चँट्रीनें घडविलेला पुतळा आहे. तेव्हां चौकहि त्याच्याच नांवाचा, असा तर्क सहज होतो. परंतु तो ग्राह्य नाहीं. चौकास नांव मिळालें तें त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन याचें. तो १८५३ ते १८६० पर्यंत गव्हर्नर होता व पोलीस कमिशनर फोर्जेट याच्या या योजनेस त्याचा पाठिंबा होता.

दुसरा घोटाळा कालासंबंधीं. सारखे दर्शनी भाग व सलग कमानी पाहून सर्व रचना एकाच काळची वाटते. वस्तुतः सेंट थॉमस देऊळ १७१८ सालीं उपासनेस खुलें झालें, टाउन हॉल १८३३ सालीं पुरा झाला, आणि जेम्स स्कॉटच्या आराखड्याच्या अर्धवर्तुळाकार इमारती १८६० नंतरच्या. म्हणजे टाउन हॉल चौकासाठीं बांधलेला नसून चौकच त्याच्या डोरिक स्तंभांपुढें बेतला आहे. निरनिराळ्या मालकांच्या इमारतींस एकच मुखवटा देऊन साधलेली ही एकरूपता खरोखर स्तुत्य आहे. पण त्याच मुखवट्याआड पूर्वींचें ‘बॉम्बे ग्रीन’ झांकलें गेलें. त्या मैदानांत कापसाच्या गांठी रचल्या जात. तो व्यापार १८४४ सालीं कुलाब्यास गेला. त्याच्या शोधास आजचा चौक हें साधन नव्हे. जुने नकाशे, चित्रें आणि चौक पुरा होण्यापूर्वींचें गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ (१८६३) हींच पाहिलीं पाहिजेत.

‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांस १९१९ सालीं सरकारनें हद्दपार केलें होतें, त्यांचें नांव चौकास स्वातंत्र्यानंतर मिळालें. खाडीपलीकडे कोपरखैरण्यास सेक्टरांना नुसते आंकडे आहेत. त्यांवरून काळ उमगत नाहीं. येथें मात्र नांवच साक्ष देतें. ज्या कागदांत ‘एल्फिन्स्टन सर्कल’ आहे तो लॉर्ड जॉनच्या कारकीर्दीपूर्वींचा असूं शकत नाहीं, मग त्यावर तारीख कोणतीहि असो. उलट केवळ ‘ग्रीन’ या शब्दावरून कागद जुना मानूं नये. जुनीं नांवें लोकांच्या तोंडीं फार काळ रेंगाळतात. संग्राहकांनीं आपापल्या दप्तरांतील कागद या कसोटीस लावून पहावे.