दूरची फाइल ‘जणू इथलीच’? एका जुन्या पेपरची उलटतपासणी

दूरच्या कॉम्प्युटरवर फाइल कशी हाताळायची, यावर एकच पेपर सांगा म्हणालात तर मी जिम वॉल्डो आणि तीन सहकाऱ्यांचा १९९४ चा ‘अ नोट ऑन डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग’ सांगेन. गणित जवळजवळ नाही, घाबरू नका.

त्यांचा राग एका सवयीवर आहे. १९८४ मध्ये बिरेल आणि नेल्सन यांनी रिमोट प्रोसीजर कॉल नीट बांधून दाखवला. म्हणजे दूरच्या मशीनवरचं काम साध्या फंक्शनसारखं बोलवायचं. मग लोकांना वाटलं, दूर आणि जवळ यात फरकच नाही. वॉल्डो म्हणतात, आहे. दूरचा कॉल दहा हजार ते लाखपट सावकाश. आणि उत्तर आलं नाही तर काम झालंच नाही, की काम झालं पण निरोप हरवला, हे तुम्हाला कळत नाही. माझ्या मते पेपरचा जीव इथेच आहे.

उदाहरण त्यांनी घरचंच घेतलंय, सन कंपनीची एनएफएस. सॉफ्ट माउंट केलं की सर्व्हर पडताच प्रोग्रामच्या तोंडावर एरर. हार्ड माउंट केलं की तो परत येईपर्यंत सगळं ताटकळत. स्वतःच्या कंपनीच्या मालाबद्दल इतकं सरळ कोण लिहितं!

पण माझी तक्रार आहे. फरकांच्या त्यांच्या यादीत विलंब आहे, मेमरी आहे, अर्धवट बिघाड आहे, समांतर कामं आहेत. बँडविड्थ नाही.

आता आमच्या केशोरीत या. नवेगावचं जंगल याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात. समजा, कॅमेरा ट्रॅपची कार्डं संध्याकाळी हाती आली, २० जीबी फोटो. अपलोड २ एमबीपीएस धरा, तेही लाईन टिकली तर. हिशोब करा: बावीस तास! मोहफुलं वेचायला बाया पहाटेच निघतात. वाघ कुठल्या वाटेवर होता, हे त्यांना उद्या रात्री सांगून काय करायचं?

ही उणीव जिम ग्रे यांच्या २००३ च्या ‘डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंग इकॉनॉमिक्स’नं भरून काढली: नेटवर्क महाग असेल तर डेटा हलवू नका, काम डेटाकडे न्या. म्हणजे इथे गवत हलल्यानं निघालेले रिकामे फोटो गावातल्याच लॅपटॉपवर गाळायचे आणि उरलेले तेवढेच पुढे पाठवायचे. फुकट काही नाही हं. गाळणारा प्रोग्राम चुकला तर वाघाचाच फोटो मागे राहतो, म्हणून मूळ कार्ड पुसायचं नाही.

पाठवताना मात्र वॉल्डोंकडे परत यावं लागतं. लाईन मध्येच गेली तर पुन्हा पाठवा, पण प्रत्येक फोटोला स्वतःचा नंबर द्या. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरनं मुकाट सोडून द्यायचा. नाहीतर एका वाघाचे दोन होतात.